मनास्लूची मोहीम: पैसे भरून काय मिळतं, काय मिळत नाही

इंदूर साडेपाचशे मीटरवर, नेपाळातल्या मनास्लू शिखराचा माथा ८१६३ मीटरवर. मधलं अंतर पैसे भरून कापता येतं अशी समजूत सध्या जोरात आहे. ती अर्धी खरी आहे, आणि पंचाईत तिथेच आहे. पैसे भरले की परवाना, तंबू, स्वयंपाकी, दोर, ऑक्सिजन, शेर्पा हे सगळं मिळतं. पण कॅराबिनर (दोराला अडकवायची गेटवाली कडी) लावणं-काढणं, भूक नसताना खाणं, तहान नसताना पाणी पिणं, बोटं शाबूत ठेवणं आणि वेळ झाली की मागे वळणं, ही कामं कुठल्याच पॅकेजात येत नाहीत. म्हणून तयारीला लागताना या दोन याद्या आधीच वेगळ्या करून घ्या.

आठ हजार मीटरच्या वरची शिखरं जगात १४. त्यातली ८ नेपाळात किंवा नेपाळच्या सीमेवर. पहिलं आठ हजारी म्हणून हल्ली बरेच जण मनास्लू निवडतात, कारण चढाई तांत्रिकदृष्ट्या त्यातल्या त्यात सरळ आहे आणि फी कमी आहे. एव्हरेस्टची दक्षिण बाजूची वसंतातली फी १ सप्टेंबर २०२५ पासून माणशी ११००० वरून १५००० डॉलर झाली. बाकीच्या आठ हजारींची वसंतात ३०००, शरदात १५०० डॉलर. आपण भारतीय असलो तरी या बाबतीत नेपाळला परदेशीच. ही नुसती सरकारी फी, हे लक्षात ठेवा. मोहीम नेणाऱ्या कंपनीचे पैसे, शेर्पाचा बोनस, विमा, बूट आणि कपडे धरले तर मनास्लूचा सगळा हिशेब दहा लाखांच्या आत सहसा बसत नाही.

‘सोपं आठ हजारी’ हा शब्द मात्र डोक्यातून काढून टाका. मनास्लूचा मोसम सप्टेंबरचा, म्हणजे पावसाळा पुरता संपलेला नसतो. खाली पाऊस पडतो तेव्हा वर बर्फ पडतो, तो उतारांवर थरावर थर साचतो आणि थर एकमेकांना नीट चिकटायच्या आत निसटतात. २३ सप्टेंबर २०१२ च्या पहाटे तिसऱ्या कॅम्पवर लोक झोपेत असताना असाच हिमप्रपात आला आणि ११ जण गेले. २०२२ च्या सप्टेंबरातही चौथ्या कॅम्पच्या खाली तसंच झालं. मोठी बर्फवृष्टी झाल्यावर दोन-तीन दिवस बेस कॅम्पवर बसवून ठेवणारी कंपनी आळशी नसते.

आधी शिक्षण. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (ही १९५४ ची), मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, यांपैकी कुठेही बेसिक कोर्स करा. जवळपास चार आठवड्यांचा असतो. त्यात ‘ए’ ग्रेड मिळाली तरच अॅडव्हान्स कोर्सला घेतात. जागा फार आधी भरतात, त्यामुळे मोहीम ठरवण्याच्या दोन-तीन वर्षं आधी अर्ज टाकलेला बरा. त्यानंतर लडाखातलं एखादं सहा हजारी, म्हणजे कांग यात्से-२ किंवा यूटी कांग्री. मग एक सात हजारी: नून (७१३५ मीटर) किंवा सतोपंथ (७०७५). सात हजारीवर माथा गाठला नाही तरी चालेल. सहा हजारांच्या वर तुम्हाला झोप लागते का, जेवण जातं का, हातापायाची बोटं कुठल्या थंडीत सुन्न होतात, हे तिथे कळतं. आठ हजारीवर पहिल्यांदा कळलं तर फार महाग पडतं.

आता दोरावरचं काम. मनास्लूवर शेर्पांची टोळी आधी जाऊन खालपासून वरपर्यंत जागोजागी दोर बांधते. तुमच्या हार्नेसला (कंबर-मांड्यांभोवती बांधायचा पट्टा) दोन पट्ट्या असतात. एकीला जुमार, दुसरीला सेफ्टी कॅराबिनर. जुमार दोरावर वर सरकतो, खाली सरकत नाही. दर काही मीटरवर दोर बर्फात रोवलेल्या अँकरला बांधलेला असतो आणि तिथे गाठ आडवी येते. तिथे पोचलात की आधी सेफ्टी कॅराबिनर काढून गाठीच्या वरच्या दोराला लावायचा, गेट बंद झालं का ते बोटाने चाचपायचं, एक हिसका देऊन बघायचा. मगच जुमार काढून वर लावायचा. दोन्ही एकाच वेळी दोराबाहेर, असा क्षणही येता कामा नये. थकलेला माणूस नेमकं हेच करतो: आधी जुमार काढतो, मग कॅराबिनरकडे हात नेतो आणि दोन्हीचा घोळ घालतो. दुसरी चूक जुन्या दोराची. गेल्या वर्षीचे, उन्हाने पांढरे पडलेले दोर नव्या दोराशेजारीच लोंबत असतात, आणि घाईत हाताला लागेल तो पकडला जातो. तिसरी चूक जुमारच्या पट्टीच्या लांबीची. पट्टी जास्त लांब झाली तर लटकल्यावर जुमार हाताच्या टप्प्याबाहेर जातो, आणि मग माणूस दोराला नुसता टांगून राहतो. हार्नेसवर पूर्ण भार टाकून बसल्यावर जुमार धरलेला हात कोपरात थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हे माप घरीच घ्या.

उतरताना फिगर-ऑफ-एट (आठच्या आकड्यासारखं, एक मोठं आणि एक लहान कडं असलेलं साधन) लागतो. जाड मिटन्समध्ये (चारही बोटं एकत्र राहणारे हातमोजे) तो हातातून सुटून खाली जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. उपाय साधा आहे: मोठं कडं कॅराबिनरमध्येच राहू द्या, तसाच दोर दुमडून त्या कड्यातून घ्या, लहान कड्यावरून ओढा, आणि मग मोठं कडं सोडवून लहान कडं कॅराबिनरमध्ये घाला. एटला पूर्ण मोकळं सोडण्याची वेळच येत नाही.

या सगळ्यासाठी हिमालय लागत नाही. खिडकीच्या गजाला दहा मिलिमीटरचा दोर बांधा, मध्ये दोन ठिकाणी गाठी मारा आणि मोहिमेचेच मिटन्स घालून गाठ ओलांडायचा सराव करा. रोज पन्नासदा. पंधरवड्यानंतर दिवे मालवून. त्यानंतर मिटन्स घातलेला हात बर्फाच्या बादलीत पाच मिनिटं ठेवून. शेजारच्या काकू विचारतील काय चाललंय म्हणून. चहा द्या आणि चालू ठेवा. चौथ्या कॅम्पच्या वर रात्री दोन वाजता डोकं चालत नसतं, हात सवयीने चालतात.

इंदुरात चढ नाही, ही तक्रार पटण्यासारखी असली तरी तिचा उपाय दारात उभा आहे. शहरात दहा-बारा मजली इमारती भरपूर झाल्या आहेत. एक मजला तीन मीटर धरला तर बारा मजल्यांचे ३६ मीटर, म्हणजे हजार मीटर चढायला २८ फेऱ्या. पाठीवर पाण्याच्या दोन लिटरच्या सात बाटल्या घ्या, झाले चौदा किलो. वर पोचलात की गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घाला आणि लिफ्टने खाली या. उतरताना ओझं नसलं की गुडघे वाचतात. आठवड्यातून एकदा मात्र पाच-सहा किलो घेऊन जिन्याने उतराच, कारण मनास्लूवर शेवटी सव्वातीन हजार मीटर उतरायचं असतं आणि मांडीचा पुढचा स्नायू उतरतानाच दगा देतो. श्वास इतकाच फुलू द्या की सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल. तासन्‌तास त्या वेगाने चालणं हीच आठ हजारीची तयारी. जिममधले दहा मिनिटांचे जीवघेणे सेट इथे दुय्यम. आठवड्यातले चार दिवस असे, एक दिवस पाय आणि कंबरेच्या ताकदीचा, एक दिवस लांब चाल. लांब चालीला इंदूरजवळचं जानापाव (८५४ मीटर) चांगलं. वरपर्यंत गाडीरस्ता गेलाय, तो सोडून जंगलातली पायवाट धरा आणि एकदा चढून पोहे खायला बसू नका, तीन-चारदा चढा-उतरा. महिन्यातून एकदा पचमढीचं धूपगड किंवा थेट सह्याद्रीत कळसूबाई. मे महिन्यात पहाटे साडेचारला सुरुवात करून सातच्या आत घरी. नऊ महिने हे चाललं की एका दिवसात पंधरा किलोंसह हजार मीटर चढून दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता यायला हवं. नाही जमलं तर मोहीम एक वर्ष पुढे ढकला.

निघण्याआधी दोन-तीन महिने डॉक्टरांकडे जा. ट्रेडमिल टेस्ट आणि इको सगळे करतात, दातांकडे कुणी बघत नाही. भरलेल्या दाताखाली हवेची पोकळी राहिली असेल तर उंचीवर कमी दाबाने ती ठणकायला लागते, आणि बेस कॅम्पवर दाताचा डॉक्टर नसतो. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. शरीराला उंचीवर नव्या लाल पेशी तयार करायला लोह लागतं आणि आपल्याकडे, विशेषतः बायकांमध्ये, ते कमीच असतं. गोळ्या सुरू करून साठा भरायला महिने लागतात, म्हणून आधी.

कंपनीचं बोलू. इथे तीन थर आहेत: परदेशी कंपन्या, नेपाळी कंपन्या आणि आपल्याकडचे मध्यस्थ, जे तुमचे पैसे घेऊन शेवटी एखाद्या नेपाळी कंपनीलाच देतात. मध्यस्थ वाईट असतो असं नाही, पण परवान्यावर कुठल्या कंपनीचं नाव असणार ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि त्या कंपनीशी स्वतः बोला. शेर्पांना हिंदी चांगली येते, भाषेची अडचण नाही.

जाहिरातीत दोन शब्द सारखे दिसतात आणि लोक फसतात. ‘बेस कॅम्प सर्व्हिस’ म्हणजे परवाना, बेस कॅम्पपर्यंतची वाहतूक, तिथला तंबू आणि जेवण. त्याच्या वर तुमचे तुम्ही. ‘फुल बोर्ड’मध्ये वरचे कॅम्प, शेर्पा आणि ऑक्सिजन येतं. दोन किमतींत मोठा फरक दिसला तर बहुधा कारण हेच. त्याखेरीज विचारायचं ते असं: शेर्पा एकास एक की दोघांत एक? (नेपाळच्या नव्या नियमाने आठ हजारीवर दोन गिर्यारोहकांमागे किमान एक गाइड हवाच.) त्याने याआधी कुठली आठ हजारी केली आहेत? ऑक्सिजनचे सिलिंडर किती, आणि ते वर कोण नेणार? मास्क-रेग्युलेटर भाड्याचा की नवा, आणि बिघडला तर वर जास्तीचा एक आहे का? हवामानाचा अंदाज कुणाकडून विकत घेता? बेस कॅम्पवर प्रेशर बॅग (आजाऱ्याला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची पिशवी) आहे का, आणि ती वापरता येणारा माणूस? मागे वळण्याची वेळ कोण ठरवतं? शेवटच्या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो, त्याला पैसे देऊ नका.

शेर्पाच्या समिट बोनसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी माथा गाठला तर पूर्ण, नाही तर कमी, असा रिवाज असतो. म्हणजे ज्याच्या निर्णयावर तुमचा जीव अवलंबून, त्याचे पैसे तुमच्या वर जाण्याला बांधलेले. आधीच त्याला स्पष्ट सांगा की चौथ्या कॅम्पच्या वरून मागे वळलो तरी बोनस पूर्ण मिळेल. त्या रात्री तो तुम्हाला ‘बस, आता खाली’ म्हणायला कचरणार नाही.

पैशांच्या बाबतीत इंदूरच्या बँकेत हमखास होणारा गोंधळ सांगून ठेवतो. नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी बँक परकीय चलन देत नाही. काउंटरवरच्या माणसाला हे नेहमी ठाऊक असतंच असं नाही, त्यामुळे डॉलरमधलं बिल घेऊन गेलात की तीन चकरा नक्की. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे, तेव्हा भारतीय रुपयांतलं बिल मागा. पैसे कंपनीच्या खात्यात भरा, कुणा ‘दाजू’च्या (नेपाळीत दादा) वैयक्तिक खात्यात नको. नेपाळचा पर्यटन विभाग परवाने देतो आणि मोसमात मंजूर मोहिमांची यादीही काढतो. तुमच्या परवान्याची प्रत हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

विमा घेताना पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. आपल्याकडच्या साध्या प्रवास विम्यात ठराविक उंचीच्या वरचं आणि दोर-क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे दाते) लावून केलेलं गिर्यारोहण बहुतेक वेळा वगळलेलं असतं. हेलिकॉप्टरने सुटका, काठमांडूतलं हॉस्पिटल आणि वाईट प्रसंगी पार्थिव घरी आणणं, हे तिन्ही ८१६३ मीटरपर्यंत लागू आहे असं लेखी हवं.

सामानात सर्वात जास्त वेळ बुटांना द्या. आठ हजारीचे तिहेरी बूट, आत निघणारा इनर, बाहेर घोट्याच्या वरपर्यंत चढवलेली गेटर. डाउन सूट (पिसं भरलेला अंगभर पोशाख) भाड्याने चालतो, बूट स्वतःचेच हवेत. इंदुरात मिळत नाहीत. दिल्लीत किंवा काठमांडूत संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, पातळ आणि जाड असे दोन्ही मोजे घालून बघा. नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड नंबर मोठे. उतारावर उभं राहून पुढे झुकलात आणि अंगठा टोकाला लागला तर ते नकोत. घट्ट बुटात रक्त फिरत नाही आणि बोटं आधी तिथेच जातात. काठमांडूच्या थमेलमध्ये नामांकित कंपन्यांची नक्कल बिनदिक्कत विकली जाते. टोपी-बनियन नकली असले तरी चालून जातं. हार्नेस, कॅराबिनर, जुमार तिथले नकोत. क्रॅम्पॉन घेतानाच बुटाला लावून बघा. या बुटांचा तळ इतका जाड असतो की पुढचा बेल (क्रॅम्पॉनची तारेची कडी) नीट बसत नाही किंवा मागची पट्टी पुरत नाही. दहा मिनिटं चालून क्रॅम्पॉन हलतो का बघा. जो दुकानात हलतो, तो वर निघतो.

विमानात बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आइस अॅक्स आणि क्रॅम्पॉन चेक-इनमध्ये. सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपकरण भारतातून नेऊ नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीविना ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर थेट पोलिसांच्या ताब्यात देतात. काठमांडूत भाड्याने घ्या किंवा कंपनीचा वापरा. नेपाळला व्हिसा लागत नसला तरी परवान्याच्या कागदांसाठी पासपोर्ट न्याच.

आता वरचं. समागाव साधारण साडेतीन हजारांवर, बेस कॅम्प ४८०० च्या आसपास. चालत जाताना ३००० च्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा. लार्क्या ला (५१०६ मीटर) मार्गे येणाऱ्या मोहिमांना यात थोडा फायदा होतो. बेस कॅम्पवरून मग रोटेशन, म्हणजे उंचीची सवय व्हावी म्हणून वर-खाली फेऱ्या: पहिल्यांदा पहिल्या कॅम्पला (५७०० च्या आसपास) जाऊन परत किंवा एक मुक्काम, दुसऱ्यांदा पहिला, दुसरा (६४०० च्या आसपास), आणि जमल्यास तिसऱ्याला (६८००) शिवून खाली. मग चार-पाच दिवस आराम. पहिल्या-दुसऱ्या कॅम्पच्या मध्ये हिमनदी फाटलेली आहे. भेगा, शिड्या आणि मधूनच उभ्या बर्फाचे टप्पे. तो पट्टा पहाटे थंडीत पार करायचा, उन्हं वर आली की सगळं सैल होतं. तिसऱ्या आणि चौथ्या (७४०० च्या आसपास) कॅम्पमधली चढण सगळ्यात लांब वाटते, आणि मागे फिरणारे बरेच जण तिथूनच फिरतात.

५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. शरीराला हे झेलायला वेळ लागतो आणि तो वेळ कुठल्याही गोळीने विकत मिळत नाही. डायमॉक्स (१२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा) मदत करतं, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि एकदा घरी घेऊन बघितल्याशिवाय तर नाहीच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते आणि सोड्याची चव जाते, हे अपेक्षितच आहे. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं हे उंचीचं दुखणं सुरू झाल्याचं लक्षण. त्या उंचीवरून वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला, तर फुप्फुसात पाणी होतंय. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, बोलणं असंबद्ध झालं, तर मेंदूला सूज. दोन्हीचा एकच खरा उपाय: लगेच खाली, रात्र असली तरी. ऑक्सिजन, डेक्सामिथासोन, निफेडिपिन ही खाली नेता यावं म्हणून वेळ मिळवून देणारी साधनं आहेत. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे आकडे शेजाऱ्याच्या आकड्यांशी ताडून बघू नका. गार बोटावर ते यंत्र वाटेल ते दाखवतं.

ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडून बघा, मग कंपनीने सांगितलेली संख्या पुरेशी आहे का ते कळेल. चार लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की सुमारे १२०० लिटर. तिसऱ्यावरून चौथ्या कॅम्पला पाच तास, मिनिटाला दोन लिटरने: ६०० लिटर. चौथ्यावर आठ तास पडून, अर्धा लिटरने: २४०. माथ्याकडे आठ तास, दोन लिटरने: ९६०. उतरताना पाच तास: ६००. बेरीज २४००, म्हणजे बरोब्बर दोन सिलिंडर, आणि वर रांग लागली तर शून्य शिल्लक. म्हणून तीन हवेत. शिवाय थंडीत दाब उतरतो. २० अंशांना ३०० दाखवणारा सिलिंडर उणे २० अंशांना २६० किंवा त्याखालीच दाखवेल, ती गळती नाही. पण तंबूजवळ हातात आलेला सिलिंडर लावताच १५० दाखवत असेल तर तो कुणीतरी वापरलेला आहे, बदलून मागा. रेग्युलेटर बसवताना आट्यांत बर्फाचा कण राहिला तर रबरी वायसर बसत नाही आणि फुसफुस ऐकू येते. काढा, फुंका, परत बसवा.

मास्क गोठणं हा खरा शत्रू. उच्छ्वासाची वाफ खालच्या झडपेत थेंब-थेंब साचते आणि बर्फ होते, मग श्वास जड होतो आणि माणसाला वाटतं ऑक्सिजन संपला. दर अर्ध्या तासाने मास्कचं रबर मुठीत दाबून आतला बर्फ फोडायचा. मास्क आणि गॉगल एकत्र लावून बेस कॅम्पवरच बघा: नाकाजवळ फट राहिली की गरम वाफ गॉगलमध्ये शिरते, काच गोठते, मग माणूस गॉगल काढतो आणि दुसऱ्या दिवशी हिमांधळेपणाने खाली आणावा लागतो. दाढी भादरूनच जा.

खाण्याचं सांगायचं तर आपल्या घरच्या डब्यातलं अर्धं तिथे निकामी. साजूक तुपातले बेसनाचे लाडू उणे पंधरालाच गोटी होतात, दात लागत नाहीत. चॉकलेटच्या वड्यांचंही तेच. अंगाशी, आतल्या खिशात ठेवाल तेवढंच खाता येतं. चिक्की मात्र उत्तम, कुठल्याही थंडीत तडकन मोडते. बेस कॅम्पवर दाल-भात-तरकारी रोज मिळते. आठव्या दिवशी तिच्याकडे बघवत नाही, तेव्हा मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि रतलामी शेव कामाला येतात. आंबट-तिखट असेल तर घास उतरतो. वर दिवसाला तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि ते बर्फ वितळवून करावं लागतं, एक लिटरला बराच वेळ जातो. समिटच्या रात्री पाण्याची बाटली डाउन सूटच्या आत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, झाकण मोकळं राहतं. लघवीची बाटली वेगळ्या आकाराची घ्या, अंधारात हाताला फरक कळला पाहिजे.

मनास्लूच्या माथ्याचा एक वेगळाच घोळ होता. अनेक वर्षं बरेच लोक अलीकडच्या उंचवट्यावर फोटो काढून परतायचे. २०२१ च्या शरदात ड्रोनने घेतलेल्या फोटोत खरा माथा पलीकडे स्पष्ट दिसला, आणि २०२२ पासून हिमालयन डेटाबेस (नेपाळातल्या चढायांच्या नोंदी ठेवणारा संग्रह) तिथपर्यंत गेलेल्यांचीच नोंद माथा गाठला म्हणून करतो. शेवटचा तुकडा अरुंद कण्याचा आहे आणि तिथे रांग लागते. कंपनीला आधीच विचारा, दोर कुठपर्यंत बांधणार. त्या रांगेतला वेळ ऑक्सिजनच्या हिशेबात धरा.

चौथ्या कॅम्पवरून रात्री एक-दोनला निघून माथ्याला सहा ते नऊ तास लागतात. परतीची वेळ निघायच्या आधीच ठरवा, एक आकडा: समजा सकाळी अकरा. शेर्पाला, बेस कॅम्पच्या मॅनेजरला आणि घरी तोच आकडा कळवा. दुपारी ढग भरून येतात, थकलेले पाय क्रॅम्पॉनमध्ये अडखळतात, हात गाठीवर दोन्ही कड्या एकदम काढतात. बरेचसे अपघात उतरतानाच होतात.

घरी फोनचा कारभार एकाच माणसाकडे द्या. बेस कॅम्पवरून निरोप त्यालाच यायचा, बाकीच्यांनी त्याला विचारायचं. वर चार-पाच दिवस फोन लागणार नाही, हे आजी-आजोबांना आधीच समजावून ठेवा. आणि समिट झालं असा निरोप आला तरी सराफ्यात पेढ्यांसाठी कुणाला पिटाळू नका. बेस कॅम्पवरून तुमचा स्वतःचा आवाज ऐकू आला की मग आणा.